एकटीचं पान

पोस्टमनने तिचं पार्सल माझ्याकडे ठेवलं होतं म्हणून मी संध्याकाळी आठच्या सुमाराला वर गेले, निमित्त एवढंच. आमच्या पॅरिसमधल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, मी पाचव्या मजल्यावर, ती सहाव्या, आणि दोन वर्षं आमचं बोलणं जिन्यातल्या बोंजूर-बोंसुआरच्या पुढे गेलेलं नव्हतं. तिने दार उघडलं आणि मला वाटलं अरेच्चा, कोणीतरी जेवायला आलंय, कारण टेबलावर घडी घातलेला कापडी नॅपकिन, पाण्याचा जग, वाइनचा ग्लास, एका वाटीत पिवळसर काहीतरी सॉस, आणि मधोमध मोठ्या प्लेटमध्ये कमळाच्या कळीसारखं पण हिरवं, राठ आणि चांगलं नारळाएवढं काहीतरी वाफाळत होतं. मी म्हटलं सॉरी, पाहुणे असतील तुमच्याकडे. तर म्हणाली, छे हो, कोणी नाही, मीच आहे.

मीच आहे! आणि त्याच वेळी खाली माझ्या शेगडीवर कुकरचं झाकण अर्धवट उघडं होतं, वर यायच्या आधी मी ओट्याशी उभी राहून कुकरच्याच भांड्यातून चमच्याने खिचडी खात होते आणि खाता खाता फोन बघत होते. एकटीसाठी कशाला ताट घ्यायचं, परत घासायला लागतं, हे मी इतकी वर्षं इतक्या सहज करत आले होते की त्यात काही विशेष आहे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडायचं नाही, नुसती शेजारीणच म्हणते. वय 52, इतिहास-भूगोल शिकवते, इथल्या कोलेजमध्ये, कोलेज म्हणजे कॉलेज नव्हे बरं का, अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा. मूळची ब्रिटनीची, म्हणजे फ्रान्सचं पश्चिमेचं टोक, समुद्राकडचं. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही, आणि प्रेमं मात्र बरीच, हे ती स्वतःच सांगते आणि हसत सांगते. त्या दिवशी पार्सल हातात घेऊन तिने मला विचारलं, आर्तिशो खाल्लायस का कधी? म्हणजे खरं तर "खाल्लायत का" असं विचारलं, कारण तेव्हा आमचं अहो-जाहो चालू होतं. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच आहे ते, परक्याला "व्हू" आणि जवळच्याला "त्यू", आणि अहोवरून अगंवर कधी यायचं हा आपल्याकडे असतो तसाच नाजूक प्रश्न. फक्त इथे लोक चक्क विचारून टाकतात, आपण त्यू म्हणूया का? तिने आर्तिशोचं पहिलं पान मला तोडून दिलं आणि तेव्हाच विचारलं.

तर तो आर्तिशो, इंग्रजीत आर्टिचोक, टेबलावरची ती हिरवी कळी. ब्रिटनीत हा भरपूर पिकतो, तिच्या गावाकडच्या बाजूला शेतंच्या शेतं असतात. देठ सुरीने कापायचा नाही, टेबलाच्या कडेवर धरून पिळून मोडायचा म्हणजे आतले राठ धागे देठाबरोबर ओढून निघतात, हे ती फार महत्त्वाचं मानते. मग मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात अर्धापाऊण तास उकळायचा, बाहेरचं एक पान ओढून बघायचं, अलगद आलं की झाला. पालथा घालून पाणी निथळू द्यायचं. आणि मग खायची रीत, एकेक पान तोडायचं, त्याचं खालचं गुबगुबीत टोक मोहरी-व्हिनेगर-तेलाच्या सॉसमध्ये बुडवायचं आणि दातांमध्ये धरून ओढायचं, जो काही चमचाभरसुद्धा नसेल असा गर येतो तो खायचा, उरलेलं पान बाजूला.

मी पहिलं पान दातात धरलं आणि मला हसूच आलं. म्हटलं ही तर शेवग्याची शेंग आहे! तोच दातांनी ओरपायचा प्रकार, तोच प्लेटच्या कडेला जमत जाणारा चोथा, तीच गराची चव तोंडात पूर्ण यायच्या आत संपायची आणि मग पुढची उचलायची. शेवगा म्हणजे काय हे तिला समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली, झाडाला लटकणाऱ्या लांब काठ्या आम्ही आमटीत घालतो एवढंच मला फ्रेंचमध्ये जमलं, पण पुढच्या शनिवारी मी ला शापेलला गेले, गार दु नॉर स्टेशनच्या मागे श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत ना तिथे, कढीपत्ता, ओला नारळ, शेवगा सगळं मिळतं, आणि तिला शेंगांची आमटी करून घातली. तिने शेंग हातात घेतली आणि काही न विचारता बरोबर दातांनी ओढली. तेव्हापासून आमचं जमलं.

मला तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या पानांमुळेच. फ्रेंचमध्ये म्हण आहे, ज्याला चटकन प्रेमात पडायची सवय आहे त्याचं काळीज आर्तिशोचं, केर दार्तिशो, म्हणजे प्रत्येकाला एकेक पान तोडून देणारं. ती म्हणते माझं काळीज तसलंच आहे, आम्ही पिकवतोच ना ते. पहिलं प्रेम मिनिटेलवर. मिनिटेल आपल्या लोकांना ठाऊक नसेल, इंटरनेटच्या आधी 80च्या दशकात फ्रान्समध्ये टेलिफोनवाल्यांनी घरोघरी एक छोटं स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र फुकट वाटलं होतं, त्यावर फोन नंबर शोधायचे, ट्रेनची तिकिटं काढायची, आणि लोकांनी लगेच त्यावर अनोळखी माणसांशी गप्पा मारायला सुरुवात केली, खोटी नावं घेऊन, रात्र रात्र. पैसे मिनिटावर. ही 15 वर्षांची असताना एका मुलाशी महिनाभर बोलत होती आणि मग टेलिफोनचं बिल आलं आणि वडिलांनी यंत्राची वायरच काढून कपाटात ठेवली! त्या मुलाला तिने आयुष्यात कधी पाहिलं नाही. मिनिटेल 2012च्या जूनमध्ये कायमचं बंद झालं त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं गं, असं ती मला सांगत होती आणि मला ते अगदी पटलं, आपल्याकडे टेलिग्राम बंद झाला तेव्हा ज्यांना कधीच तार आली नव्हती त्यांनाही कसंतरी झालं होतं.

इथे "डेट" या शब्दाला नीटसा शब्दच नाही. रांदेव्हू म्हणतात, पण रांदेव्हू डेंटिस्टचाही असतो आणि बँकेतल्या माणसाचाही. आणि पहिल्या भेटीत जेवण नाही, फक्त "एक ग्लास", कॅफेबाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसायचं, समोरासमोर नाही, दोघांनी मिळून येणारी-जाणारी माणसं बघायची. मला हे सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, आता वाटतं की किती बरं आहे, बोलायला काही सुचलं नाही तर रस्ता असतोच. आपण आता ऑफिशियल आहोत का वगैरे प्रश्न कोणी विचारत नाही, ओठांवर ओठ टेकवले की ते ठरलंच असं बहुतेक लोक धरून चालतात. आणि मग शब्दांची गंमत. "ज तेम" म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्याला पुढे "बियाँ" जोडायचं, बियाँ म्हणजे चांगलं, छान, तर प्रेम वाढायला हवं ना, पण उलट कमीच होतं! "ज तेम बियाँ" म्हणजे तू मला बरी वाटतेस, आवडतेस आपली, बस.

मला हे "बियाँ" एका संध्याकाळी कानाल सां-मार्तां या कालव्याच्या काठावर ऐकायला मिळालं. तिथे उन्हाळ्यात तरुण पोरंपोरी पाण्याकडे पाय सोडून बसतात, ब्रेड, चीज, वाइन, कुणाची गिटार, रात्री दहापर्यंत उजेड. चार महिने भेटत होतो आम्ही, तो आणि मी. मी घरी आले आणि सरळ सहाव्या मजल्यावर गेले. तिने काही विचारलं नाही, फ्रिजमधून लोणी काढलं, ब्रेड कापला, वर मुळ्याच्या चकत्या ठेवल्या, मीठ भुरभुरवलं आणि प्लेट माझ्यासमोर सरकवली. लोणी आणि गुलाबी मुळा, हे इतकं चांगलं लागतं हे मला त्या दिवशी रडता रडता कळलं. ब्रिटनीचं लोणी खारट असतं, आपल्या घरच्या लोण्यासारखं अळणी नाही, त्यामुळे मीठ जरा जास्तच झालं होतं आणि तेही बरं वाटलं.

दुसरी एक म्हण तिने मला शिकवली, सांगून न येणं, म्हणजे तुम्ही कॅफेत वाट बघताय आणि तो माणूस उगवतच नाही, त्याला इथे "ससा ठेवणं" म्हणतात. तिला आयुष्यात किती ससे मिळाले ते तिने मोजून ठेवलंय, पाच. प्रत्येक वेळी तिने तिथेच बसून जेवण मागवलं. वेटर विचारतो, किती जण? ती म्हणते, एक. मग प्ला द्यु जूर म्हणजे आजची डिश, फुकटचा पाण्याचा काराफ, ब्रेडची टोपली, शेवटी गोड काहीतरी, कॉफी गोडाच्या नंतर, बरोबर नाही. तिचं म्हणणं ससा ठेवणाऱ्याने माझी संध्याकाळ नेली तर नेली, भूक कशी नेणार?

घरी बोलावण्यापर्यंत गाडी आली की मात्र ती आर्तिशोच करते. दरवेळी. मी विचारलं का गं, इतकं काय काय येतं तुला, तर म्हणाली माणूस कळतो. एकाने सुरी-काटा मागितला आणि बाहेरून कापायला सुरुवात केली. एकाने तोडलेली पानं प्लेटच्या कडेने इतकी गोल शिस्तीत रचली की तिला तिथेच थकवा आला. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे बोटं सॉसने भरलेली असतात त्यामुळे कोणाला फोन हातात घेता येत नाही, पाऊण तास, फक्त बोलायचं आणि पानं तोडायची. बाहेरची राठ पानं संपली की आतली पातळ, जांभळट, जवळजवळ पारदर्शक पानं येतात, मग केसाळ गवतासारखं काहीतरी लागतं, फ्रेंचमध्ये त्याला वाळलेलं गवतच म्हणतात, ते चमच्याने खरवडून टाकायचं, नाहीतर घशात अडकतं, आणि मग खाली तो गाभा, वाटीसारखा, मऊ, ज्यासाठी हे सगळं केलं. एक माणूस होता, त्याने आपला गाभा अर्धा कापून तिच्या प्लेटमध्ये ठेवला, तिच्याकडे तिचा पूर्ण गाभा होता तरी. तो चार वर्षं राहिला. मग नाही राहिला. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला नाही, फक्त तिने सॉसची वाटी उगाच दोनदा ढवळली.

मला साहजिकच आपले कांदेपोहे आठवतात. सांगलीत माझे तीन कार्यक्रम झाले होते, मी 26-27ची असताना, आणि मी कोणालाही दोष देत नाही, आलेली माणसं साधी चांगली होती. पण पोहे चमच्याने खातात, दहा मिनिटांत संपतात, सगळ्यांची मान प्लेटमध्ये आणि घरातली सगळी वडीलधारी माणसं समोर. शेवग्याच्या शेंगांची आमटी ठेवली असती तर? मी आईला हे फोनवर म्हटलं तेव्हा आई म्हणाली, अगं बाई, पाहुण्यांच्या शर्टावर डाग पडले असते.

शेजारणीच्या कपाटात एक टोपी आहे, हिरवी-पिवळी, कागदी फुलं लावलेली. 25 नोव्हेंबरला इथे सेंट कॅथरिनचा दिवस असतो, पूर्वी ज्या मुलींचं 25 वर्षांची होईपर्यंत लग्न झालेलं नसे त्यांना त्या दिवशी अशी हिरवी-पिवळी टोपी घालायला लावत, कॅथरिनेत म्हणत त्यांना, आपल्या घोडनवरीला टोपी मिळाली असती तर ती अशीच. पॅरिसच्या मोठ्या शिवणघरांमध्ये ही प्रथा अजून हौसेने करतात. हिला 1998 साली मावशीने टोपी करून पाठवली. ती म्हणते मला राग आला होता आणि टोपी इतकी सुंदर होती की टाकवेना. मग 2012च्या फेब्रुवारीत सरकारने सर्क्युलर काढलं की सरकारी फॉर्मवरून "मादमुआझेल" हा शब्द काढून टाका, लग्न झालेलं असो नसो, बाई म्हटली की "मादाम". तेव्हा ही 38-39ची. त्या संध्याकाळी तिने टोपी घालून मैत्रिणींना आपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयपानाला, बोलावलं होतं, फोटो आहे, हातात ग्लास, डोक्यावर कागदी फुलं, दिसायला इतकी खूश!

मी तो फोटो बघत होते आणि मला एक लग्नपत्रिका आठवली. बाबा गेल्यावर वर्षभरात मामेबहिणीचं लग्न झालं, पत्रिकेत आईचं नाव छापलं होतं, आधी "सौ." असायचं तिथे "श्रीमती". कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं, तशीच पद्धत आहे. आईने पत्रिका दोनदा वाचली आणि फ्रिजवर ठेवली, म्हणाली छान छापलीये. मला त्या एका अक्षराच्या जागी आलेली अक्षरं अजून दिसतात. आणि मी "कु.", 38व्या वर्षीही, आमच्याकडच्या पत्रिकांमध्ये.

आई मागच्या मेमध्ये आली, नव्वद दिवसांचा व्हिसा. खरी गोष्ट तिथून सुरू होते. आल्या आल्या मला लक्षात आलं की आई जेवत नाही. म्हणजे खाते, पण जेवत नाही. मी ऑफिसला गेले की दुपारी काय खाल्लंस विचारलं तर, होतं ना कालचं, खाल्लं. एकदा लवकर घरी आले तर आई ओट्याशी उभी, हातात पोळीचा तुकडा, त्यावर लोणच्याचा खार, खिडकीतून खाली बघत खात होती. माझ्यासारखीच. हुबेहूब. मी म्हटलं आई बस की गं. तर म्हणाली, एकटीसाठी काय मांडामांड करायची? बाबा होते तेव्हा घरी पानं घेतल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नसे, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, मध्ये वरण-भाताची मूद, तूप, सगळं जागच्या जागी. पाच वर्षं सांगलीच्या घरात आई ओट्याशी उभी राहून जेवत होती आणि मी रोज फोनवर "जेवलीस का" विचारत होते, ती "हो" म्हणत होती आणि ते खोटंही नव्हतं.

मी हे शेजारणीला सांगितलं. ती काही बोलली नाही पण गुरुवारी तिने आईला बाजारात न्यायचं ठरवलं, तिला त्या दिवशी दुपारपर्यंत तास नव्हते. आमच्या जवळ बुलव्हार रिशार-लनुआरवर गुरुवारी आणि रविवारी मोठा बाजार भरतो, बास्तीयच्या चौकापासून वर, आणि त्या बाजाराच्या खालून, जमिनीखालून, कानाल सां-मार्तांचं पाणी वाहतं, कालवा झाकून वर रस्ता केलाय, 19व्या शतकात. आईला हे फार आवडलं. मी ऑफिसला होते त्यामुळे दोघी गेल्या, एकीला मराठी, एकीला फ्रेंच, मध्ये कोणी नाही. संध्याकाळी दोघींनी मला आपापल्या भाषेत तीच गोष्ट सांगितली. खरबूजवाल्याने विचारलं, आज खायचंय की उद्या? इथले चांगले फळवाले विचारतातच, चीजवालेही, आज दुपारी की रात्री, आणि बोटाने दाबून, देठाशी वास घेऊन त्याप्रमाणे काढून देतात. मग विचारलं, किती जणांसाठी? शेजारणीने एक बोट दाखवलं आणि आईकडे बोट केलं. त्या माणसाने पुष्कळ खरबुजं उचलून ठेवली, शेवटी एक छोटं, एका माणसाचं, आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, वोआला मादाम. आई म्हणाली, अगं एवढं निवडून निवडून माझ्या एकटीसाठी कोणी दिलं नव्हतं गं. आणि बेकरीत "बागेत", म्हणजे इथला लांबडा पाव, अर्धाही मिळतो हेही तिने पाहून ठेवलं, अर्धा कापून देतात, कोणी तोंड वाकडं करत नाही. इथे कितीतरी घरं एका माणसाची आहेत, पॅरिसमधली जवळजवळ निम्मी, दुकानदारांना अर्धं मागणारं गिऱ्हाईक रोजचंच.

त्या रात्री तिघींनी सहाव्या मजल्यावर आर्तिशो खाल्ले. आईने पान उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, सॉसमध्ये बुडवलं आणि दातांनी ओढलं. "शेवगाच की गं हा." मी आधी काही सांगितलेलं नव्हतं, शपथ. मग आईने शेजारणीला विचारायला लावलं की तुमचं लग्न का नाही झालं. मी भाषांतर करायला कचरत होते. ती म्हणाली, मादामना सांग की चार वेळा विचारलं मला, दोन वेळा मी हो म्हणणार होते. आई म्हणाली, मग? ती म्हणाली, मग काही नाही, एक गेला, दुसऱ्या वेळी मी गेले. आईने मान हलवली. दोघी पानं तोडत राहिल्या. थोड्या वेळाने आई म्हणाली, हिला सांग, आमच्या ह्यांनी कधी विचारलंच नाही, पत्रिका जुळली, झालं, पण माणूस चांगला मिळाला. आणि आईने आपला गाभा सोलला, गवत काढलं आणि सगळ्याचा सगळा स्वतः खाल्ला. एरवी तिने तो मला दिला असता. मी बघत होते.

जुलैमध्ये सेन नदी पोहायला उघडली. 1923 पासून बंदी होती, 2025च्या जुलैत पहिल्यांदा लोकांना पाण्यात उतरू दिलं, तीन ठिकाणी, फुकट, कमरेला पिवळा फुगा बांधायचा. इल सां-लुई या नदीतल्या बेटाच्या समोरच्या जागी आम्ही गेलो. शेजारीण पोहली, 52 वर्षांची बाई निळ्या स्विमसूटमध्ये शिडीवरून उतरली आणि पाठीवर आडवी होऊन आम्हाला हात हलवत होती, आजूबाजूला पोरंसोरं, आजोबा, टॅटूवाले, सगळे. आई काठावर तिचा टॉवेल आणि सँडल धरून बसली होती. मग म्हणाली, लहानपणी आम्ही कृष्णेत उड्या मारायचो, घाटावरून, परकर गुडघ्यापर्यंत खोचून, लग्न झालं आणि सुटलं. एवढंच म्हणाली. टॉवेल उघडून तिने उन्हात धरला, शेजारीण वर आली तेव्हा तो गरम झालेला होता.

एकटीचं सगळं छान असतं असं मला म्हणायचं नाही आणि तीही कधी म्हणत नाही. रविवारच्या संध्याकाळी तिला जड जातात, सोमवारच्या वह्या तपासून झाल्या की कोणाला काही सांगावंसं वाटतं आणि सांगायला कोणी नसतं. या डिसेंबरात तिला फ्लू झाला, पाच दिवस ताप, सहा मजले उतरून औषध आणायची ताकद नाही, आणि तिने मला तिसऱ्या दिवशी मेसेज केला, तोही माफी मागून. मी रागावले तिच्यावर. मऊ भात केला, आईने ठेवून गेलेलं मेतकूट घातलं, तूप, मीठ, ट्रेमध्ये ठेवून वर नेलं, आणि खास तिच्यासाठी कापडी नॅपकिन घडी घालून. नॅपकिन बघून ती उशीवर उठून बसली. आता ती त्याला "पिवळी पूड" म्हणते आणि संपत आली की आठवण करते. तिचं सध्या एकाबरोबर चाललंय, लायब्ररीत भेटला, विधुर आहे, अजून "एक ग्लास"च्या टप्प्यावरच आहेत. आर्तिशोचा मोसम उन्हाळ्यात, म्हणजे मे-जूनपर्यंत तरी त्याला टिकायला लागेल.

परवा रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला, इथे सकाळचे साडेआठ, तिकडे दुपारचा एक. मी सांगत होते की मी हल्ली टेबलावर बसून जेवते, एकच प्लेट, पण गरम करून, सगळं काढून घेऊन. आई ऐकत होती पण तिचं लक्ष नव्हतं, नजर सारखी खाली जात होती. मी म्हटलं काय बघतेयस? तिने फोन वळवला. डायनिंग टेबलावर स्टीलचं ताट, बाबांचं, कडेला मीठ, लिंबाची फोड, लसणीची चटणी, काकडीची कोशिंबीर, भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि वाटीत शेवग्याच्या शेंगांची आमटी. शेजारी पाण्याचं तांब्या-भांडं. मी विचारलं कोण आलंय गं?

"कोणी नाही. तुझ्या त्या वरच्या मादामना नमस्कार सांग. आणि ठेव आता फोन, पान वाढलंय माझं, गार होतंय."